चेसिस नंबर लोखंडावरून वाचायचा: सतरा अक्षरे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

प्रश्न निलंग्याच्या एका तरुण शेतकऱ्याचा आहे. दूध आणि भाजीपाला वाहायला तो जुनी पिकअप घेतोय. विकणारा म्हणतो गाडी २०१८ ची, आरसीवर निर्मिती ११/२०१७ आहे. चेसिस नंबर त्याने एका परदेशी साइटवर टाकून पाहिला, तर ‘नंबर अवैध’ असे उत्तर आले. गाडी चोरीची असेल का, हा नंबर वाचायचा कसा आणि इसार देण्याआधी आणखी काय पाहायचे, असे त्याने नंबर पाठवून विचारले आहे.

भाऊ, त्या साइटने ‘अवैध’ म्हटले म्हणून गाडी चोरीची ठरत नाही. का, ते पुढे सांगतो. पण तुम्ही नंबर कुठून उतरवला हे प्रश्नात नाही, आणि मला आधी तेच विचारायचे आहे. बहुतेक जण आरसीच्या कार्डावरून नाहीतर मोबाईलवरून नंबर घेतात. तो कागदाचा नंबर झाला. गाडीचा खरा चेसिस नंबर गाडीच्या लोखंडावर असतो. लातूर-नांदेड पट्ट्यात मोटार विम्याचे सर्व्हे आणि जुन्या गाड्यांचे मूल्यांकन करण्यात माझी उमर गेली. आजही गाडीजवळ गेलो की मालकाला आरसी खिशातच ठेवायला सांगतो. आधी लोखंडावरचा नंबर वहीत उतरवतो, मग कागद उघडतो. उलट केले की डोळा फसतो. कागदावर ८ वाचलेला असला की घासलेला ३ सुद्धा ८ च दिसायला लागतो.

पिकअप, जीप, ट्रक यांना खाली लोखंडी फ्रेम असते. त्यांचा नंबर बहुधा फ्रेमच्या उजव्या पट्टीवर, पुढच्या चाकाच्या आसपास मारलेला असतो आणि चिखल-ग्रीसखाली दडलेला असतो. कारला वेगळी फ्रेम नसते. तिथे नंबर बॉनेटखाली इंजिनच्या मागच्या पत्र्यावर किंवा पुढच्या सीटखाली कार्पेटच्या खापेत सापडतो. मोटारसायकलचा हँडलखालच्या मानेवर असतो, हँडल एका बाजूला पूर्ण वळवले की दिसतो. नेमकी जागा गाडीच्या माहितीपुस्तकात दिलेली असते. याशिवाय कंपनीची पाटी असते, दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली, तिच्यावरही हाच नंबर असतो. पाटी रिव्हेटने बसवलेली किंवा चिकटवलेली असते, म्हणजे ती काढता येते. म्हणून पाटीवर विसंबायचे नाही. पाटीने लोखंडाला दुजोरा द्यायचा, एवढेच तिचे काम.

आता सतरा अक्षरांचे. जगभर ही पद्धत आयएसओ ३७७९ या मानकावर चालते. ते पहिल्यांदा १९७७ साली निघाले. अमेरिकेत १९८१ च्या मॉडेलपासून सतरा अक्षरे सक्तीची झाली. आपल्याकडे एआयएस-०६५ हे मानक आहे, आणि चेसिस नंबर, इंजिन नंबर व निर्मितीची तारीख गाडीवर कोरलेली असावी असे केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२२ सांगतो. राजदूत, चेतक, जुन्या जीपा यांचे नंबर आखूड असतात, त्यांना पुढचे काहीही लावू नका.

नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरे कधीच नसतात. एक आणि शून्याशी गल्लत होऊ नये म्हणून ती मुद्दाम वगळली आहेत. हे एवढे जरी ध्यानात ठेवले तरी पुष्कळ उपयोग होतो. आरसीवर चेसिस नंबरात ‘ओ’ छापलेला दिसला की तो टायपिंगचा दोष समजायचा, तिथे शून्यच असणार. आणि लोखंडावरच ‘ओ’ किंवा ‘आय’ अक्षर म्हणून मारलेले दिसले, तर व्यवहार तिथेच थांबवायचा. कारखान्याला हा नियम पाठ असतो, चोरून नंबर मारणाऱ्याला नसतो.

पहिली तीन अक्षरे बनवणाऱ्याची. भारताला एम-ए ते एम-ई हा पट्टा आणि पुढे एम-झेड मिळालेले आहेत. एम-ए-१ महिंद्रा, एम-ए-टी टाटा, एम-ए-३ मारुती, एम-ए-एल ह्युंदाई, एम-ए-के होंडाच्या कार, एम-बी-एल हिरो, एम-डी-२ बजाज, एम-डी-६ टीव्हीएस, एम-ई-४ होंडाच्या दुचाकी, एम-ई-३ रॉयल एनफिल्ड, एम-झेड-बी किया. रोजच्या रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या यांतच बसतात. एम-एच ने सुरू होणारा नंबर पाहून ‘महाराष्ट्र पासिंग’ म्हणणारे मला भेटलेले आहेत. चेसिस नंबरात एम-एच म्हणजे इंडोनेशिया. महाराष्ट्राचा एमएच नंबर प्लेटवर, त्याचा चेसिसशी काही संबंध नाही. लातूरची एमएच-२४, धाराशिवची २५, नांदेडची २६, अंबाजोगाईची ४४, उदगीरची ५५, हे सगळे नोंदणीचे आकडे. गाडी दुसऱ्या राज्यात गेली की प्लेट बदलते, चेसिस नंबर जन्मापासून भंगारापर्यंत तोच राहतो.

तीन अक्षरांवरून कंपनी कळते, कारखाना कळत नाही. वाळूजला १९८५ पासून बजाजच्या गाड्या निघतात, पण एम-डी-२ दिसले म्हणून गाडी वाळूजचीच, असे नाही. चाकणचीही असू शकते. कारखान्याचे अक्षर बरेचदा अकराव्या जागी असते, पण तेही कंपनी ठरवते.

चौथ्यापासून नवव्यापर्यंतची सहा अक्षरे गाडीचे वर्णन करतात: मॉडेल, बॉडी, इंजिन, इंधन, ब्रेक, काहींत वजनाचा गट. इथे अंदाज बांधायला जाऊ नका. प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी, आणि एकाच कंपनीत दहा वर्षांत ती बदलते. ‘चौथे अक्षर अमुक म्हणजे टॉप मॉडेल’ असे कुणी छातीठोक सांगायला लागला, तर त्याला कंपनीचा तक्ता दाखवायला सांगा. खरे उत्तर कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपच्या पार्ट काउंटरवर मिळते. नंबर दिला की संगणकावर व्हेरिएंट, रंग, इंजिन, गिअरबॉक्स सगळे येते. विकणारा सांगतो ते व्हेरिएंट आणि काउंटरवरचे व्हेरिएंट एकच आहे का, एवढे पाहिले तरी किमतीतला मोठा फरक उघडा पडतो. पार्ट घेतानाही हीच सवय ठेवा. ‘२०१७ ची पिकअप, क्लच प्लेट द्या’ म्हणण्यापेक्षा चेसिस नंबर सांगून पार्ट काढला तर तो बसतो, कारण एकाच वर्षात मधूनच पार्ट बदललेला असू शकतो.

नवव्या जागेशी तुमचा ‘अवैध’ जोडलेला आहे. अमेरिका-कॅनडात विकायच्या गाड्यांत ही जागा पडताळणीची असते, चीनमध्येही तशी सक्ती आहे. हिशेब असा: प्रत्येक अक्षराला अंक द्यायचा, ए ला १, बी ला २ असे एच ला ८ पर्यंत, जे पुन्हा १, के २, एल ३, एम ४, एन ५, पी ७, आर ९, मग एस २ पासून क्रमाने झेड ९ पर्यंत. सतरा जागांना डावीकडून वजने आहेत: ८, ७, ६, ५, ४, ३, २, १०, ०, ९, ८, ७, ६, ५, ४, ३, २. अंकाला वजनाने गुणायचे, सगळ्यांची बेरीज करायची, ११ ने भागायचे. जी बाकी उरेल ती नवव्या जागी हवी, बाकी १० आली तर तिथे एक्स हवा. करून पाहायचे असेल तर सतराही जागी १ लिहा. बेरीज ८९ येते, ११ ने भागून बाकी १, आणि नवव्या जागीही १ च आहे, म्हणजे हिशेब जुळला.

भारतात ही पडताळणी सक्तीची नाही. आपल्या कंपन्या नववी जागा बहुधा मॉडेलचे वर्णन करायला वापरतात. परदेशी साइटला ते ठाऊक नसते, ती आपला हिशेब लावते, बाकी जुळत नाही आणि ती ‘अवैध’ म्हणून मोकळी होते. बाकी शून्य ते दहा अशी अकरा प्रकारची येऊ शकते. तेव्हा भारतात बनलेल्या साधारण अकरातल्या एखाद्या गाडीचा नंबर त्या साइटवर योगायोगानेच ‘वैध’ ठरेल. म्हणून तिथला ‘अवैध’ मनावर घ्यायचा नाही, आणि ‘वैध’ आला तरी हुरळून जायचे नाही.

दहावे अक्षर वर्षाचे. यावरच बाजारात सगळ्यात जास्त वाद होतात, म्हणून नीट लिहितो. ए म्हणजे २०१०, बी २०११, सी २०१२, डी २०१३, ई २०१४, एफ २०१५, जी २०१६, एच २०१७. आय नसतोच, म्हणून जे २०१८, के २०१९, एल २०२०, एम २०२१, एन २०२२. ओ वगळून पी २०२३, क्यू वगळून आर २०२४, एस २०२५, टी २०२६. वर्षासाठी यू, झेड आणि शून्यही वापरत नाहीत. २००१ ते २००९ या वर्षांना १ ते ९ हे आकडे आहेत. हे चक्र तीस वर्षांनी पुन्हा येते, त्यामुळे ए म्हणजे १९८० सुद्धा. पण गाडी समोर उभी असताना तीस वर्षांचा फरक कुणालाही दिसतो.

दोन सावधगिऱ्या. अमेरिकेत हे अक्षर ‘मॉडेल इयर’ दाखवते, म्हणजे २०१७ च्या शेवटी बनलेली गाडी तिथे २०१८ चे अक्षर घेऊन फिरू शकते. आपल्याकडे ते साधारणपणे प्रत्यक्ष निर्मितीचे वर्ष असते. दुसरे, काही कंपन्यांच्या जुन्या नंबरांत दहाव्या जागी वर्ष नसतेच, साधा शून्य असतो, आणि वर्ष-महिना शेवटी वेगळा मारलेला असतो. तेव्हा दहावे अक्षर पाहिले आणि निकाल लावला, असे करू नका. आरसीवरचा निर्मितीचा महिना-वर्ष आणि कंपनीचे फॉर्म २२, म्हणजे गाडी रस्त्यायोग्य असल्याचे प्रमाणपत्र, शेजारी ठेवून वाचा.

महिन्याचे अक्षरही असते, पण जागा ठरलेली नाही. कुणी अकराव्या जागी देतो, कुणी बाराव्या, कुणी सतरा अक्षरांच्या पुढे वेगळे मारतो. त्यामुळे लोखंडावर सतरानंतर आणखी एखादे अक्षर दिसले तर ते खोटे समजू नका. जानेवारीला ए, फेब्रुवारीला बी असे ऑगस्टच्या एच पर्यंत बहुतेकांचे सारखे चालते. सप्टेंबरपासून पुढे कंपन्यांच्या वाटा वेगळ्या होतात, तिथे त्या कंपनीचा तक्ताच पाहावा लागतो. शेवटची अक्षरे उत्पादनाचा अनुक्रम, त्यातली अखेरची चार नेहमी आकडेच असतात.

तुमच्या पिकअपचा ‘२०१८’ कुठून आला ते आता सांगता येईल. गाडी नोव्हेंबर २०१७ मध्ये बनली, शोरूमला थांबली आणि २०१८ मध्ये पासिंग झाली असणार. आरसीवरची नोंदणीची तारीख पाहा. विकणारा खोटे बोलतोय असे लगेच धरू नका, आपल्याकडे पासिंगच्या वर्षालाच गाडीचे वर्ष म्हणायची रीत आहे. पण किंमत ठरवताना निर्मितीचे वर्ष धरायचे, पुढे तुम्ही विकाल तेव्हा घेणाराही तेच धरणार. खाजगी गाडीच्या नोंदणीची पंधरा वर्षे मात्र पासिंगच्या तारखेपासून मोजतात. तुमची पिकअप मालवाहू आहे, तिला फिटनेस लागते. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी. गाडी कोणत्या टप्प्यावर आहे आणि फिटनेस कधी संपते, हे आजच विचारा.

निर्मिती आणि पासिंग यांत दोन-चार महिन्यांचे अंतर नेहमीचे. वर्षभराहून जास्त अंतर दिसले तर कारण विचारा, त्यातही बीएस, म्हणजे धुराच्या निकषांच्या, बदलाच्या काळातली गाडी असेल तर नक्की. १ एप्रिल २०१७ पासून बीएस-३ गाड्यांची विक्री-नोंदणी बंद झाली, १ एप्रिल २०२० पासून बीएस-४ ची. त्या तारखांच्या आधी बनलेली गाडी तारीख उलटून बऱ्याच दिवसांनी पहिल्यांदा नोंदली गेली असेल, आणि तीही दूरच्या राज्यात, तर ते कागद एजंटाच्या भरवशावर घेऊ नका. थेट आरटीओत दाखवा.

आता लोखंडाकडे. सोबत रॉकेलमध्ये भिजवलेले फडके, जुना टूथब्रश, टॉर्च, पांढरा पातळ कागद आणि मऊ शिशाची पेन्सिल घेऊन जा. जागा रॉकेलने पुसायची, ब्रशने माती काढायची, बस. पॉलिश पेपर, कानस, ग्राइंडर यांना हात लावू देऊ नका. गॅरेजवाला उत्साहाने नंबर ‘चमकवतो’ आणि चांगला नंबर छेडलेल्यासारखा दिसायला लागतो. मग आरटीओतही प्रश्न, विम्यातही प्रश्न. पुसून झाले की कागद घट्ट धरून पेन्सिल आडवी फिरवायची. आपण याला चेसिस प्रिंट म्हणतो, आरटीओच्या कागदांना लावतात तीच. तिचा खरा उपयोग तपासणीला आहे. डोळ्याला जे गुळगुळीत वाटते ते प्रिंटवर उमटते: ग्राइंडरच्या बारीक रेघा, खाली पुसलेल्या आकड्याची सावली, एकच अक्षर जास्त खोल, एक जरा वर सरकलेले.

कारखान्यात नंबर यंत्राने मारतात, काही ठिकाणी सलग ठशाने, काही ठिकाणी बारीक ठिपक्यांनी. दोन्हींत अंतर, उंची आणि खोली एकसारखी येते. सुरुवातीला आणि शेवटी बहुधा तारा किंवा कंपनीची खूण असते. हाताने हातोडी-पंच घेऊन मारलेल्या नंबराला ही शिस्त साधत नाही. बदलायला सोपे आकडे कोणते ते माहीत असू द्या: ३ चा ८, १ चा ४ किंवा ७, ५ चा ६, शून्याचा ८, अक्षरांत सी चा जी, एफ चा ई, पी चा आर. या जागांवर प्रिंट दोनदा काढा. शंका आली तर त्याच कंपनीची, त्याच सुमाराची, ओळखीच्या माणसाची गाडी गाठा, तिची प्रिंट काढा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा. अक्षरांचे वळण जुळते की नाही ते अर्ध्या मिनिटात कळते. यापेक्षा स्वस्त आणि खात्रीची तपासणी मला माहीत नाही.

नंबरच्या भोवती बोट फिरवा. आजूबाजूचा रंग जुना आणि एवढ्याच वीतभर जागेचा रंग नवा, वेल्डिंगची कड, पुटीन, पत्र्याच्या जाडीत फरक, यातले काही लागले तर समजा नंबरचा तुकडाच कापून दुसरीकडून आणून बसवला आहे. हा धंदा असा चालतो: अपघातात पूर्ण गेलेली गाडी तिच्या आरसीसह भंगारात कुणी घेतो, मग तशाच मॉडेलची गाडी चोरून आणतो आणि भंगारातल्या गाडीचा नंबर तिच्यावर चढवतो. कागद शंभर टक्के खरे असतात, ऑनलाइनही सगळे बरोबर दिसते. फसवणूक फक्त लोखंडावर सापडते. म्हणून इतका जोर देऊन सांगतोय.

अशा गाडीचा दुसरा माग तिच्या सुट्या भागांत मिळतो. सीट बेल्टच्या मुळाशी शिवलेल्या पट्टीवर बनवल्याची तारीख असते. काचांवर कंपनीच्या खुणेशेजारी वर्ष-महिन्याचा संकेत असतो. प्लास्टिकच्या मोठ्या भागांच्या आतल्या बाजूला गोल घड्याळासारखी तारखेची खूण असते. एखादी काच बदललेली असू शकते. पण गाडी नंबरवरून नोव्हेंबर २०१७ ची आणि चारही बेल्ट, सगळ्या काचा २०१९ च्या, असे घडत नाही. अलीकडच्या गाड्यांत इंजिनच्या संगणकातही चेसिस नंबर साठवलेला असतो, स्कॅनर लावला की तो वाचता येतो. स्कॅनर असलेल्या मिस्त्रीला थोडे पैसे देऊन हे करून घ्या. संगणक कधी बदलला असेल तर नंबर वेगळा किंवा रिकामा दिसू शकतो, मग त्याचे बिल मागा.

इंजिन नंबर ही वेगळी गोष्ट. त्याला सतरा अक्षरांचा नियम नाही. इंजिन बदलता येते, पण बदलल्याची नोंद आरसीवर हवी. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीलाही स्वतःचा चेसिस नंबर आणि स्वतःची नोंदणी लागते. ऊस वाहतुकीच्या घाईत ट्रॅक्टरचे कागद सगळे पाहतात, ट्रॉलीचे कुणी विचारत नाही, आणि अपघात झाला की क्लेमची गाडी नेमकी तिथे अडते.

गंजामुळे नंबर खरोखर पुसट होतो, हेही मान्य करायला पाहिजे. आपल्याकडे शेणखत, खताची पोती, मीठ वाहणाऱ्या गाड्यांची फ्रेम लवकर खाल्ली जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये मांजरा, तेरणा, सिना यांच्या पुरात कितीतरी गाड्या पाण्याखाली राहिल्या. अशा गाडीचा नंबर वाचता येत नसेल तर कुणाकडूनही ‘खोल करून’ घेऊ नका. आरटीओकडे लेखी अर्ज करायचा, मोटार वाहन निरीक्षक गाडी पाहतो आणि परवानगीनंतरच पुन्हा पंचिंग होते. त्याची नोंद कागदावर राहते. परवानगीविना मारलेला बरोबर नंबरसुद्धा छेडछाडच ठरतो.

नंबर घासून टाकला म्हणजे पुरावा संपला, असेही नाही. ठसा मारताना खालचे लोखंड दाबले जाते, वरचा थर घासला तरी तो दाब आत राहतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तिथे आम्ल लावतात, दाबलेला भाग वेगळ्या वेगाने झिजतो आणि गेलेला आकडा पुन्हा दिसायला लागतो. तेव्हा गाडी तुमच्या ताब्यात असेल तर जप्तीही तुमच्याच दारातून होईल. चोरीचा माल आहे हे जाणून किंवा तसे मानायला कारण असताना तो घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. बाजारभावापेक्षा फार स्वस्तात, कागद ‘नंतर देतो’ या बोलीवर गाडी घेतली, तर तसे मानायला कारण होते असेच पुढे म्हटले जाते.

निलंगा सीमेवर आहे, म्हणून एक खास सांगतो. बिदर, कलबुर्गी, निजामाबादकडच्या गाड्या आपल्याकडे भरपूर येतात: औराद, देगलूर, उमरगा, धर्माबाद या वाटांनी. त्यात गैर काही नाही, पण मूळ आरटीओची एनओसी (ना-हरकत), म्हणजे फॉर्म २८, हातात असल्याशिवाय इसार देऊ नका. एनओसीवरचा चेसिस नंबर लोखंडाशी अक्षर-अक्षर जुळवा. तेलंगणाच्या नव्या गाड्यांना मार्च २०२४ पासून टीएस ऐवजी टीजी लागते, ते पाहून गोंधळू नका. दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवली तर इथला नंबर घ्यावाच लागतो, कर भरावा लागतो. तो खर्च किमतीत धरा.

सतरा अक्षरे काय सांगत नाहीत, तेही लिहितो. अपघात, पूर, किलोमीटर, किती हात बदलले, कर्जाचा बोजा, नंतर बसवलेले सीएनजी, यातले काहीही नंबरात नसते. त्यासाठी नंबर हाती धरून दुसरीकडे जावे लागते. बोजा आहे का ते परिवहनच्या साइटवर गाडी क्रमांकावरून दिसते, बोजा असेल तर बँकेचे पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ लागेल. चोरीची नोंद आहे का ते एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) डिजिटल पोलीस सेवेत पाहता येते. थकलेली चलने महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन साइटवर, तिथे चेसिसचे शेवटचे चार आकडे विचारतात. सर्व्हिसचा इतिहास कंपनीच्या वर्कशॉपला. मालकाची चालू पॉलिसी मागा आणि त्यावर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट, किती टक्के आहे ते बघा. गाडी सात-आठ वर्षांची आणि बोनस शून्य असेल, तर नजीकच्या काळात क्लेम झाला होता का किंवा पॉलिसी मध्ये खंडित झाली होती का, हे स्पष्ट विचारा. कंपनीच्या साइटवर चेसिस नंबर टाकून रिकॉलही तपासा. एअरबॅग, ब्रेक, स्टिअरिंगसारखा दोष कंपनी फुकट दुरुस्त करून देते, मालक कितवा आहे हे त्यात आड येत नाही.

याच कारणाने स्वतःचा पूर्ण चेसिस नंबर विक्रीच्या फोटोत टाकू नका. परिवहनच्या आणि नंबर प्लेटच्या बऱ्याच ऑनलाइन कामांत चेसिसचे शेवटचे पाच आकडे हीच ओळख म्हणून चालते. विकणाऱ्याने फोटोत नंबर झाकला तर तो शहाणपणा समजा. प्रत्यक्ष गाडीजवळ दाखवायला नकार दिला तर मात्र परत फिरा.

आरसी आणि लोखंड यांत एखाद्या अक्षराचा फरक निघाला तर? बी च्या जागी ८, एस च्या जागी ५, झेड च्या जागी २ असा फरक सहसा टायपिंगचा असतो. पण तो दुरुस्त करून देणे विकणाऱ्याचे काम आहे, आणि ते नावावर होण्याआधी. फॉर्म २१ (विक्रीचे प्रमाणपत्र), फॉर्म २२, मूळ बिल, प्रिंट आणि गाडी घेऊन त्याने आरटीओत जायचे. विम्याच्या पॉलिसीतही तीच चूक उतरलेली असते, तिथे कंपनीला कळवून एन्डॉर्समेंट, म्हणजे दुरुस्तीची लेखी नोंद, घ्यायची. गाडी धडकल्यानंतर ही धावपळ करणारे लोक मी सतत पाहतो. सर्व्हेअर म्हणून मला लोखंडावर जे आहे तेच लिहावे लागते, पॉलिसीवर दुसरा आकडा असला की क्लेम थांबतो, आणि माणूस खरा असूनही महिनोन् महिने हेलपाटे घालतो.

तुमच्या गाडीबाबत: तुम्ही दिलेल्या नंबरात दहावे अक्षर एच आहे आणि आरसीवर ११/२०१७, ते जुळते. कागदाच्या बाजूने आत्ता तरी खोट दिसत नाही. राहिली ती प्रिंट. दिवसाउजेडी जा, उजव्या पुढच्या चाकाच्या मागची फ्रेम पुसा, दोन प्रिंटा काढा. एक गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० च्या कागदांसोबत जाईल, दुसरीवर तारीख आणि विकणाऱ्याची सही घेऊन ती सौदापावतीसोबत स्वतःजवळ ठेवा. भाव २०१७ च्या गाडीचा बोला.